अलेक्झांड्रियाचा दिवा

१

मल्लेश्वरमच्या ज्ञानसभेत झाडलोट करणारी अंबूबाई रविवारी सकाळी सभागृहात शिरली आणि दारातच थबकली. समोरच्या भिंतीलगतच्या कपाटाचं तावदान फुटलं होतं आणि फरशीभर काचा पसरल्या होत्या. काल संध्याकाळी त्या कपाटात मातीचे तीन दिवे मांडलेले तिनं पाहिले होते. आता दोनच उरले होते.

तिनं कशाला हात लावला नाही. झाडू दारात टेकवला आणि ती पलीकडच्या गल्लीत सुलभाबाई आगाशेंना बोलवायला गेली.

सुलभाबाई मूळच्या पुण्याच्या. तरुणपणी पाली शिकवायला म्हणून बेंगळूरच्या एका कॉलेजात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. लग्न केलं नाही. एका प्रश्नानं त्यांना विद्यार्थिदशेतच धरलं होतं, तो त्यांनी सोडला नाही. अशोकानं आपले धर्मदूत पश्चिमेच्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांकडे पाठवले, असं त्याच्या शिलालेखात कोरलेलं आहे. त्या दूतांची शिकवण भूमध्य समुद्राच्या काठी रुजली असेल का? आणि पुढे येशूच्या शिष्यांनी जो उपदेश केला, त्यात तिचा काही अंश मिसळला असेल का?

या विषयावर त्या दिवशी, म्हणजे १९६१ सालच्या ऑक्टोबरमधल्या त्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता त्यांचं जाहीर व्याख्यान होतं. गावभर चर्चा होती ती मात्र दिव्याची. जयसिंगराव घोरपडे हे गवीपूरचे जुने मराठा गृहस्थ. त्यांचे वडील म्हैसूरच्या घोडदळातून पहिल्या महायुद्धात इजिप्तला गेले होते आणि अलेक्झांड्रियाच्या बाजारातून एक जुना मातीचा दिवा घेऊन आले होते. त्यावर चक्र होतं. वर्तमानपत्रात छापून आलं होतं की हे बौद्धांचं धर्मचक्र असून येशूच्या काळी अलेक्झांड्रियात बौद्ध भिक्षू होते याचा हा पहिला पुरावा आहे.

सुलभाबाई आल्या, त्यांनी कपाट पाहिलं आणि त्या खुर्चीवर बसल्या. पाठोपाठ ज्ञानसभेचे चिटणीस पद्माकर लिमये आले. हे राजाजीनगरला राहत आणि सरकारी यंत्रकारखान्यात इंजिनिअर होते. मागच्या खिडकीची कडी उचकटलेली त्यांनीच पहिल्यांदा दाखवली. खिडकीच्या खाली, भिंतीच्या कोपऱ्यात काहीतरी पडलं होतं. त्यांनी वाकून ते रुमालात उचललं आणि सगळ्यांसमोर धरलं.

ती काळ्या मण्यांची जपमाळ होती. तिच्या टोकाला एक छोटा क्रूस लोंबत होता.

"आता वेगळं काही सांगायला हवं का?" पद्माकर म्हणाले.

२

सबइन्स्पेक्टर मल्लाप्पांनी दहा वाजता पंचनामा केला. अकरा वाजेपर्यंत बातमी बाजारात पोचली होती, आणि बातमीबरोबर एक नावही. ते नाव रेव्हरंड अमन्ना यांचं होतं.

अमन्ना एका ख्रिस्ती धर्मविद्यालयात ग्रीक शिकवत. सुलभाबाईंच्या म्हणण्याला त्यांनी वर्तमानपत्रातून अनेकदा विरोध केला होता. आदल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं की एका दिव्याच्या उजेडात दोन धर्मांचं नातं ठरवणं हा पोरखेळ आहे. अशा माणसाच्या धर्माची माळ खिडकीखाली सापडल्यावर लोकांना आणखी काही नको होतं. काही तरुण त्यांच्या घराच्या दिशेनं निघालेही होते.

मल्लाप्पांना अमन्नांना चौकीवर आणण्याखेरीज मार्ग दिसेना. सुलभाबाईंनी त्यांना अडवलं. त्या माणसाशी मी गेली कित्येक वर्षं भांडते आहे, म्हणून मी त्याला ओळखते, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत थांबा, तोवर मी हयवदनरावांना बोलावते.

हयवदनराव बेंगळूरच्या जुन्या देशस्थ घराण्यातले. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले, आणि घरात मराठी टिकली ती कानडीचा हात धरून. सरकारी वकील म्हणून त्यांची सगळी हयात कोर्टात गेली होती आणि निवृत्तीनंतरही काही अडलं की पोलीस त्यांच्या बनशंकरीच्या घरी येत. मल्लाप्पांना ते नाव ऐकून बरंच वाटलं.

हयवदनरावांनी आल्या आल्या अंबूबाईला विचारलं की कपाटात नक्की काय काय होतं. मग उरलेले दोन दिवे त्यांनी हातात घेतले. दोन्ही दिव्यांवर चक्र होतं.

"हे काय, अक्का? सगळ्यांवरच चक्र आहे?"

सुलभाबाईंनी त्यांना शेजारच्या छोट्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. हे दोन दिवे त्यांनी मद्रासच्या एका संग्राहकाकडून मागवले होते. तेही इजिप्तचेच. तिथल्या कुंभारांच्या साच्यात असं आठ पाकळ्यांचं फूल असायचंच, ते चक्र नव्हे, हे त्यांना श्रोत्यांना दाखवायचं होतं. जयसिंगरावांच्या दिव्याचं वेगळेपण चक्रात नव्हतंच. त्याच्या बुडाशी बारीक ब्राह्मी अक्षरं होती. 'धम', म्हणजे धम्म, बुद्धाची शिकवण. ही गोष्ट सुलभाबाई, जयसिंगराव आणि पद्माकर या तिघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. व्याख्यानातच ती उघड करायची असं ठरलं होतं.

"म्हणजे पुरावा पक्का होता," हयवदनराव म्हणाले.

सुलभाबाईंनी मान हलवली.

"अण्णा, तो दिवा चोरीला गेला नसता, तर आज संध्याकाळी मीच त्याला खोटा म्हणणार होते."

३

त्यांनी सांगितलं ते असं. शुक्रवारी दिवा त्यांच्या हातात पहिल्यांदा निवांत आला. त्यांनी तो भिंगाखाली धरला. शेकडो वर्षांची काजळी मातीत मुरून दिव्याचं बूडसुद्धा काळवंडलं होतं. पण अक्षरांच्या खाचा आतून तांबूस होत्या, नव्या विटेसारख्या. दिवा जळायचा थांबल्यावर, अगदी अलीकडे, कुणीतरी ती अक्षरं कोरली होती.

कुणी, ते त्यांना कळत नव्हतं. जयसिंगराव असतील, तर भर सभेत त्यांच्या वडिलांच्या नावाला काळं लागणार. म्हणून त्यांनी आधी कुणाला बोलून दाखवलं नाही. शनिवारी संध्याकाळी तिन्ही दिवे कपाटात मांडताना जयसिंगराव आणि पद्माकर तिथेच होते. दोघांना त्या एवढंच म्हणाल्या होत्या की उद्या हा दिवा भिंगाखाली ठेवून एकेका श्रोत्याला दाखवीन. दिव्यांपुढच्या नावांच्या जुन्या चिठ्ठ्या चुकीच्या होत्या म्हणून त्यांनी त्या काढून टाकल्या आणि नव्या लिहायला घरी नेल्या. रात्रभर दिवे बिनचिठ्ठीचेच होते.

हयवदनरावांनी ते शेवटचं वाक्य त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

"पण अक्का, तुमचं म्हणणं त्या दिव्यानं सिद्ध झालं असतं. तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना," सुलभाबाई म्हणाल्या.

मग दोघं अमन्नांच्या घरी गेले. फाटकाबाहेर पंधरावीस तरुण उभे होते. कुणीतरी सुलभाबाईंना म्हणालं की बाई, तुम्ही चोराच्या घरी जाताय. बाईंनी त्याचं नाव विचारलं. तो त्यांच्याच कॉलेजचा विद्यार्थी निघाला. उद्या वर्गात मला चोरीचा पुरावा आणून दाखव, त्या म्हणाल्या, तोपर्यंत या गृहस्थांना 'सर' म्हण. मुलगा खाली मान घालून बाजूला झाला, आणि वाट मोकळी झाली.

अमन्ना बेळगावात वाढलेले, त्यामुळे मराठी चांगलं बोलत. दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. शेजाऱ्यांनी बंद करायला सांगितलं, तर म्हणाले होते की दार लावलं की लोकांना वाटेल मी लपलो. त्यांच्या विद्यालयाच्या वरिष्ठांचाही निरोप आला होता, काही दिवस गावी जाऊन राहा असा. त्यांनी साफ नकार कळवला होता. हयवदनरावांना त्यांनी सांगितलं की मी तो दिवा पाहिलेलादेखील नाही. सभेनं बोलावलं होतं, पण सगळ्यांच्या आधी खासगीत पाहिलं तर माझ्या मताला किंमत राहणार नाही, म्हणून गेलो नाही.

हयवदनरावांनी रुमाल उलगडून जपमाळ पुढे केली.

अमन्नांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि इतका वेळ शांत असलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आलं.

"ही माझी असल्याचं कोण म्हणालं? त्या माणसाला आणून माझ्यासमोर बसवा," ते म्हणाले. "कारण त्याला माझा धर्म मुळीच ठाऊक नाही."

४

दुपारी हयवदनराव गवीपूरला जयसिंगरावांकडे गेले. जयसिंगराव उंच, करारी, पन्नाशीच्या घरातले. ते सुतकी चेहऱ्यानं झोपाळ्यावर बसले होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, दिवा सापडेल का? फुटला तर नसेल? आईनं तो देवघराच्या कोनाड्यात ठेवला होता, लहानपणी दिवाळीत तो पुसायचं काम माझ्याकडे असायचं, असं ते सांगत राहिले.

जपमाळ पाहून त्यांनी ओळखीच्या वस्तूसारखी ती बोटांवर घेतली. "आमच्या शाळेत फादर लोकांच्या कमरेला असायची. कॅथलिक शाळेत शिकलो ना मी. त्यांचे मणी घासून घासून गुळगुळीत झालेले असत. ही तर कोरी दिसते."

"सरी, बरं. आणि दिव्याच्या बुडाशी जी अक्षरं होती, ती तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलीत?"

झोपाळा थांबला. जयसिंगराव उठून खिडकीशी गेले. वडील शिकलेले नव्हते, ते म्हणाले, त्यांना अक्षरांचं काय कळणार. एवढं बोलून त्यांनी विषय बदलला, आणि पुन्हा विचारूनही ते त्यावर काही बोलेनात.

पद्माकर लिमये सभेच्या कचेरीतच भेटले. ते सकाळपासून तिथेच होते आणि वर्तमानपत्रांना टेलिफोन करत होते. हयवदनरावांना त्यांनी कॉफी मागवली आणि स्वतःच बोलायला सुरुवात केली. "हयवदनराव, इट इज व्हेरी क्लिअर. त्यांना भीती वाटली. पुरावा लोकांसमोर आला असता तर त्यांचा सगळा डोलारा कोसळला असता. आता कितीही नाकारलं तरी लोकांना कळून चुकलंय. ज्या अर्थी दिवा चोरला, त्या अर्थी तो खराच होता."

हयवदनराव म्हणाले, "पण रेव्हरंड म्हणतात, माळ त्यांची नाही."

"म्हणणारच. त्यांच्या घराची झडती घ्या. अशा दहा माळा सापडतील. कुठल्याही पाद्र्याच्या घरी असतात."

हयवदनरावांनी कॉफी संपवली. व्याख्यान रद्द केलं का, असं त्यांनी विचारलं. पद्माकर म्हणाले की आता दिवाच नाही तर व्याख्यान कशाचं? त्याऐवजी निषेध सभा घ्यायची, ठराव करायचा, आणि मुख्य भाषण आगाशेबाईंनीच करायचं, असा त्यांचा बेत होता. लोक पाचला येणारच होते.

"स्वल्प थांबा," हयवदनराव उठत म्हणाले. "ठराव लिहू नका अजून. साडेचारला मी सगळ्यांना इथे बोलावतो. त्यांतच चोर असेल."

५

साडेचारला हयवदनरावांखेरीज कचेरीत पाचजण होते. सुलभाबाई, जयसिंगराव, पद्माकर, रेव्हरंड अमन्ना आणि दाराशी सबइन्स्पेक्टर मल्लाप्पा. अमन्ना आलेले पाहून पद्माकर उठून जाऊ लागले. मल्लाप्पांनी त्यांना बसायला सांगितलं. बाहेर सभागृह भरू लागल्याचा आवाज येत होता.

हयवदनराव टेबलाला टेकून उभे राहिले. कोर्टात बोलत तसं ते सावकाश बोलू लागले.

"पहिली गोष्ट. कपाटात तीन दिवे होते, तिन्हींवर चक्र. चिठ्ठ्या काढलेल्या. वर्तमानपत्र वाचून 'चक्राचा दिवा' चोरायला आलेला माणूस गोंधळला असता. तिन्ही उचलले असते, नाहीतर तिन्ही फोडले असते. या चोरानं नेमका हवा तो एक घेतला. म्हणजे त्यानं तो आधी पाहिलेला होता. रेव्हरंडांनी पाहिला नव्हता. ते सुटले. राहिले तिघं. सुलभाक्का, जयसिंगराव, पद्माकरराव."

त्यांनी रुमालातून जपमाळ काढून टेबलावर ठेवली.

"दुसरी गोष्ट ही माळ. मणी कोरे आहेत. कुणी बोटांखाली फिरवलेले नाहीत. म्हणजे ती चोराच्या खिशातून पडलेली नाही, विकत आणून तिथे टाकलेली आहे, रेव्हरंडांवर आळ यावा म्हणून. आता ही माळ कॅथलिक लोक जपतात. रेव्हरंड प्रॉटेस्टंट आहेत. त्यांच्या पंथानं ती कधीच सोडून दिली. त्यांच्या घरी ती सापडणार नाही. तर मग त्यांना अडकवायला ही माळ कोण टाकेल? सुलभाक्का नाही. त्यांचा जन्म ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासात गेला. जयसिंगरावही नाहीत. ते फादर लोकांच्या शाळेत शिकले, कोण माळ जपतं आणि कोण जपत नाही, हे त्यांना पुरतं माहीत आहे. राहिला तो माणूस, जो आज दुपारी मला म्हणाला की कुठल्याही पाद्र्याच्या घरी अशा दहा माळा सापडतील."

सगळ्यांचे डोळे पद्माकरांकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढा होता.

"नॉन्सेन्स. मी कशाला चोरू? तो दिवा जगापुढे यावा म्हणून धडपडलं कोण? मीच ना?"

"तेच मला आधी कळेना," हयवदनराव म्हणाले. "मग लक्षात आलं. सकाळपासून सगळे विचारताहेत, दिवा कुठे असेल. तुम्ही एकदाही विचारलं नाही. तुम्हाला फक्त चोर हवा होता. सुलभाक्का त्या दिव्यावर भिंग ठेवणार होत्या. भिंगाखाली तो टिकला नसता. पण चोरीला गेलेल्या दिव्याला भिंग लावता येत नाही. तो कायमचा खरा राहतो, आणि चोर ठरतो तो पाद्री." ते जयसिंगरावांकडे वळले. "आता तुम्ही सांगा. अक्षरं पहिल्यांदा कधी पाहिलीत?"

जयसिंगराव खुर्चीत सरळ बसले.

"फोटो काढायला म्हणून पद्माकररावांनी दिवा कारखान्यात नेला होता. तो परत आला, तेव्हा त्यांनीच दाखवली मला अक्षरं," ते म्हणाले. "लहानपणी दर दिवाळीला तो दिवा मी पुसलाय. बुडाशी काही नव्हतं. पण लोक घरी येऊन वडिलांचं नाव काढू लागले, आणि मी गप्प राहिलो."

मग ते उठले आणि पद्माकरांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "माझ्या वडिलांचा दिवा कुठे आहे?"

पद्माकरांचा चढलेला आवाज बसला. दिवा राजाजीनगरला घरी आहे, ते म्हणाले, फोडायचा होता, पण हात धजावला नाही. मल्लाप्पांनी हवालदाराला जीप घेऊन पाठवलं.

पद्माकर मात्र सुलभाबाईंकडेच पाहत होते. "बाई, तुमच्यासाठी केलं मी. दोनशे वर्षं या लोकांनी आपल्याला शिकवलं, की तुमच्याकडे काही नव्हतं, सगळं आम्हीच आणलं. तुमचं म्हणणं खरं आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फक्त पुरावा कमी होता. तेवढा मी दिला. काय बिघडलं?"

सुलभाबाई इतका वेळ ऐकत होत्या. आता त्या रागानं बोलल्या.

"अशोकानं खडकावर पाच यवन राजांची नावं कोरली. ती खरी अक्षरं आहेत, पद्माकरराव. माझ्याजवळ असलेली सगळ्यात मोठी पुंजी. तुम्ही त्यांच्या शेजारी खोटी अक्षरं आणून बसवलीत. आता उद्या मी ती खरी दाखवायला गेले, तर लोक विचारतील, ही तरी कुणी कोरली? तुम्ही पुरावा दिला नाहीत. होता तोही डागाळलात."

सभागृहातून टाळ्यांचा ठेका सुरू झाला होता. पाच वाजून गेले होते. मल्लाप्पा म्हणाले की बाहेर मी सांगतो, सभा रद्द झाली म्हणून.

"रद्द का?" सुलभाबाई उठल्या. "लोक ऐकायला आलेत. मी बोलणार आहे."

६

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निषेध करायला आलेले होते, कुतूहलानं आलेले होते आणि मागच्या रांगेत काही ख्रिस्ती तरुण हाताची घडी घालून उभे होते. रेव्हरंड अमन्ना पुढच्या रांगेत येऊन बसताच कुजबुज वाढली. कुणीतरी मागून शिवी दिली. अमन्ना जागचे हलले नाहीत. जयसिंगराव सरळ जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. दिव्याचा धनीच चोराशेजारी बसलेला पाहून लोक चक्रावले, आणि आपोआप शांतता पसरली.

सुलभाबाईंनी प्रस्तावना केली नाही. अक्षरं खोटी आहेत, ती अलीकडेच कोरली गेली, आणि दिवा चोरणारा माणूस ख्रिस्ती नाही, तो आपल्याच सभेतला आहे, हे त्यांनी पहिल्या मिनिटात सांगून टाकलं. नाव त्यांनी घेतलं नाही. ते पोलिसांचं काम आहे, असं म्हणाल्या. मग त्यांनी रेव्हरंडांकडे पाहून सगळ्या सभेच्या वतीनं हात जोडले.

खाली गोंधळ माजला. सभेचे एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले की बाई, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला? बाईंनी उत्तर दिलं की आळ चारचौघांत घेतला होता, तो उतरेलही चारचौघांतच.

मग त्यांनी आपला विषय मांडला. अशोकाचे दूत गेले, हे त्यानं स्वतः कोरून ठेवलं आहे. ते पोचले का, पोचून काय झालं, हे तिकडच्या कुणी नोंदवलेलं नाही. पुढे ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियातला एक ख्रिस्ती पंडित बुद्धाचं नाव घेतो. म्हणजे तोवर ते नाव तिथे पोचलं होतं. येशूच्या वेळी पोचलं होतं का? माहीत नाही. "मला वाटतं, पोचलं होतं. मला वाटतं, एवढंच मी म्हणू शकते. सिद्ध झालं असं जो तुम्हाला सांगेल, मग तो आपला असो की परका, त्याच्या दिव्याचं बूड आधी बघा."

काही लोक उठून गेले. त्यांना विजय हवा होता. मागचे ख्रिस्ती तरुणही खूश नव्हते, 'मला वाटतं' एवढंदेखील त्यांना सहन होत नव्हतं. सुलभाबाई रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांसमोर शेवटपर्यंत बोलल्या.

७

दिवा मिळाला. जयसिंगरावांनी फिर्याद मागे घेतली, पण एका अटीवर. पद्माकरांनी रेव्हरंडांच्या घरी जाऊन, फाटकाबाहेर जमलेल्यांच्या देखत माफी मागायची. पद्माकर आधी तयार नव्हते. मल्लाप्पांनी त्यांना दोन वाटा समजावून सांगितल्या, तेव्हा गेले. त्यानंतर वर्षभरात त्यांनी भोपाळला बदली करून घेतली.

ज्ञानसभेनं मात्र सुलभाबाईंना माफ केलं नाही. संस्थेची बदनामी केली, असा ठराव झाला आणि त्यांना सभेचं व्यासपीठ बंद झालं. तिकडे अमन्नांनी आपल्या विद्यालयात सुलभाबाईंचं व्याख्यान ठेवायचा प्रस्ताव मांडला, तर वरिष्ठांनी त्यांना बोलावून समज दिली. असल्या विषयाला आमच्या छपराखाली जागा नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. अमन्ना म्हणाले, मग छपराबाहेर घेऊ.

हयवदनरावांनी ही गोष्ट जयसिंगरावांच्या कानावर घातली. जयसिंगरावांनी आपल्या गवीपूरच्या घरापुढलं अंगण झाडून घेतलं आणि शेजारून बाकं मागवली. जाहिरात केली नाही. तरी जानेवारीतल्या त्या रविवारी अंगण भरलं. कॉलेजची मुलं होती, गवीपूरची मराठा मंडळी होती, विद्यालयातले तीन विद्यार्थी वरिष्ठांना न विचारता आले होते. अंबूबाई आपल्या सुनेला घेऊन आली होती.

सुलभाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी बौद्धांची एक जुनी कथा सांगितली. एक उपासक बुद्धाच्या भेटीला निघाला. नदीवर नाव नव्हती. बुद्धाचं ध्यान मनात धरून तो पाण्यावरून चालू लागला. मध्यावर त्याला लाटा दिसल्या, ध्यान ढळलं, पाय बुडू लागले. त्यानं पुन्हा मन सावरलं आणि तो पार झाला. मग त्यांनी येशूचा शिष्य पेत्र सरोवराच्या पाण्यावरून चालतो, वारा पाहून भितो आणि बुडू लागतो, तो प्रसंग सांगितला. दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्या थांबल्या.

"त्या नदीचं आणि या सरोवराचं पाणी वेगळं आहे असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या.

पहिल्या बाकावरून रेव्हरंड अमन्ना उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली, अंगणाकडे एकदा वळून पाहिलं, आणि मग बाईंकडे.

"मला हे मुळीच मान्य नाही," ते म्हणाले. "आमची कथा पहिल्या शतकात लिहिलेली आहे. तुमची लिहिली गेली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मग कुणी कुणाकडून घेतली, बाई? सांगा."

सुलभाबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या बसल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता बोलू."